गाळातली वीज: जिवाणूंची की जस्ताची?

विज्ञान प्रदर्शनात 'मातीपासून वीज' हा प्रयोग हमखास असतो. बरणीत ओली माती, एका बाजूला तांब्याची पट्टी, दुसऱ्या बाजूला जीआय तार किंवा जस्ताचा मुलामा दिलेला खिळा, मल्टिमीटरवर ०.८ व्होल्ट, आणि खाली फलक: 'जिवाणूंनी तयार केलेली वीज'. ही वीज जिवाणूंची नसते. तांबं आणि जस्त ओल्या मातीत खोचले की साधा सेल तयार होतो. जस्त झिजतं आणि त्याचे इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात. माती निर्जंतुक असली तरी आकडा तोच येईल.

'पण आमची बरणी तीन महिने चालली' हा युक्तिवाद टिकत नाही. १ ग्रॅम जस्तात सुमारे ८२० मिलीअ‍ॅम्पिअर-तास इतका विद्युतभार असतो. ०.३ मिलीअ‍ॅम्पिअरने काढत राहिलं तर तो पावणेचार महिने पुरतो. म्हणजे बरणी किती दिवस चालली यावरून काहीच सिद्ध होत नाही.

यावर इतकं अडून बसायचं कारण असं, की खरी गोष्ट यापेक्षा फार मोठी आहे. श्वासातले इलेक्ट्रॉन शरीराबाहेर काढून देणारे जिवाणू खरोखर आहेत. त्यासाठी ते प्रथिनाच्या, वीज वाहणाऱ्या तारा बनवतात. आणि हे जिवाणू सोलापूरच्या आसपासच्या तलावांच्या गाळात सापडावेत अशी सगळी परिस्थिती आहे: काळी माती, लोह, कुजणारा पाला आणि प्राणवायूचा अभाव. त्यांची वीज मोजायची तर आधी बरणीतून धातू बाहेर काढला पाहिजे.

जिवाणूला तार कशाला लागते

आपण अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी प्राणवायूला देतो. तलावाच्या गाळात एक-दोन सेंटिमीटर खाली प्राणवायू संपतो. तिथे काही जिवाणू हे इलेक्ट्रॉन लोहाच्या ऑक्साइडला, म्हणजे गंजाच्या भावंडांना देतात. अडचण अशी, की ऑक्साइडचा कण घन असतो. तो पेशीच्या आत शिरत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनलाच बाहेर जावं लागतं.

अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली यांनी १९८७ मध्ये पोटोमॅक नदीच्या गाळातून असा जिवाणू वेगळा केला. त्याला पुढे जिओबॅक्टर मेटॅलिरिड्युसेन्स हे नाव मिळालं. आज बहुतेक काम होतं ते त्याच्या भाऊबंदावर, जिओबॅक्टर सल्फररिड्युसेन्सवर. याचं आवडतं खाणं अ‍ॅसिटेट, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार. अ‍ॅसिटेटच्या एका रेणूमागे आठ इलेक्ट्रॉन सुटतात. साखर तो खात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२००५ मध्ये लव्हली यांच्या प्रयोगशाळेतून जेम्मा रेगुएरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या जिवाणूच्या अंगावरचे केसासारखे धागे, म्हणजे पिली, वीज वाहतात. 'नॅनोवायर' हा शब्द तिथून रूढ झाला. मात्र ते मोजमाप अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या वाहक टोकाने, धाग्याच्या जाडीतून आरपार केलेलं होतं, लांबीच्या दिशेने नव्हे. शंका घ्यायला तेवढी जागा उरली. २०११ मध्ये निखिल मालवणकर आणि सहकाऱ्यांनी धाग्यांच्या जाळ्यातून लांब अंतरावर वहन मोजलं आणि ते जवळजवळ धातूसारखं वागतं असा दावा केला. इथे पुन्हा वाद पेटला. प्रथिन म्हटलं की जीवशास्त्रज्ञाच्या डोळ्यांपुढे विद्युतरोधक येतो. त्यात धातूसारखं वहन कसं मान्य व्हावं?

२०१९ मध्ये गोष्टीला वळण मिळालं. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्या धाग्यांची रचना उलगडली, तेव्हा तो धागा पिलीचा निघालाच नाही. तो होता ओएमसीएस नावाच्या सायटोक्रोमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या एका प्रथिनाचा. मालवणकर आता येल विद्यापीठात आहेत, आणि या कामात ते स्वतः होते. त्याच वर्षी आणखी एका गटाने स्वतंत्रपणे तीच रचना मांडली. ओएमसीएसच्या प्रत्येक रेणूत सहा हीम असतात. हीम म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तोच लोहधारी घटक. हे रेणू एकापुढे एक असे जोडले जातात, की हीमांची अखंड साखळी तयार होते. शेजारच्या दोन हीमांमधलं अंतर साधारण अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास राहतं आणि इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर जातो.

सोलापूरच्या विणकराला ही रचना जरीच्या उलट वाटेल. जरीत आत सूत आणि बाहेर धातू असतो. इथे आत धातू आणि बाहेर प्रथिन. धाग्याची जाडी सुमारे ४ नॅनोमीटर. एक रेणू लांबीत सुमारे ४.७ नॅनोमीटर जागा घेतो. म्हणजे एक मायक्रोमीटर तारेत दोनशेच्या वर रेणू आणि जवळपास तेराशे हीम. तेराशे लोहाचे अणू नेमक्या अंतरावर मांडायचे, आणि तेही तलावाच्या तळाशी, प्राणवायूशिवाय. मला हे आजही थक्क करतं.

२०२० मध्ये ओएमसीझेड नावाच्या दुसऱ्या सायटोक्रोमच्या तारा सापडल्या. त्या ओएमसीएसपेक्षा सुमारे हजारपट वाहक असल्याचं मोजलं गेलं. २०२१ मध्ये येलच्या गटाने दाखवलं, की पिलीचं प्रथिन स्वतः तार बनण्याऐवजी सायटोक्रोम पेशीबाहेर ढकलायच्या कामी येत असावं. लव्हली यांना हे मान्य नाही. त्यांचा आधार असा: पिलीच्या ६१ अमिनो आम्लांच्या लहानशा प्रथिनातली वलयधारी अमिनो आम्लं कमी केली की जिवाणूची वीज घटते. शिवाय असे सायटोक्रोम नसलेल्या ई. कोलाय जिवाणूने बनवलेल्या पिलीही वाहक आढळल्या. माझा कल सायटोक्रोमच्या बाजूने आहे, कारण तिथे अणूंची जागा दाखवणारी रचना हातात आहे. पण पिलीच्या बाजूचे जनुकीय प्रयोग खोडून निघालेले नाहीत.

नावं एकत्र होऊ नयेत म्हणून एवढं सांगतो. शेवानेला ओनिडेन्सिस हा दुसरा प्रसिद्ध जिवाणू न्यू यॉर्कमधल्या ओनाइडा तलावातला. त्याच्याही धाग्यांना 'नॅनोवायर' म्हणत, पण २०१४ मध्ये कळलं की त्या तारा नसून पेशीच्या बाह्य आवरणाचेच लांबवलेले भाग आहेत. आणि डेन्मार्कमध्ये सापडलेले, २०१२ मध्ये जगापुढे आलेले केबल बॅक्टेरिया हे तिसरंच प्रकरण. त्यात हजारो पेशींची साखळी सेंटिमीटरभर अंतर वीज वाहते.

बरणी

घरच्या किंवा कॉलेजच्या बरणीत नॅनोवायर दिसणार नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक काही उलगडत नाही आणि तार आहे ४ नॅनोमीटरची. बरणीत सिद्ध करता येतं ते एवढंच, की गाळातले जिवाणू इलेक्ट्रॉन बाहेरच्या कार्बनला देतात. नीट केलं तर हेही पुष्कळ आहे.

गाळ कुठला घ्यायचा? हिप्परगा तलावाचा काठ, गावाबाहेरचा ओढा, प्लॅस्टिक न अंथरलेलं जुनं शेततळं, काहीही चालेल. विसर्जन होतं त्या घाटाजवळचा गाळ टाळा. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. सल्फेट वाढलं की सल्फेटवर जगणारे जिवाणू जोर धरतात, सडक्या अंड्याचा वास येतो आणि तयार झालेला सल्फाइड अ‍ॅनोडवर (गाळात पुरलेल्या इलेक्ट्रोडवर) आपोआप इलेक्ट्रॉन सोडून तुमचं मोजमाप बिघडवतो. रंगकामाच्या सांडपाण्याचा ओढाही नको. तिथे मीठ आणि रंग दोन्ही असतात.

वरचा तपकिरी थर बाजूला सारायचा आणि ५ ते १० सेंटिमीटर खालचा काळा गाळ घ्यायचा. तो काळेपणा बराचसा लोहाच्या सल्फाइडचा असतो. तिथे प्राणवायू नाही याची ती खूण. रबरी हातमोजे घाला, काचा असतात. डबा काठोकाठ भरून झाकण लावा, म्हणजे वाटेत हवा मिसळत नाही. त्याच जागचं दोन लिटर पाणीही आणा. आपली काळी माती चिकट असते आणि तिच्यात अ‍ॅसिटेट फार हळू सरकतं. म्हणून तीन भाग गाळात एक भाग धुतलेली वाळू मिसळा. खडे, काड्या, शिंपले काढून टाका.

इलेक्ट्रोडला फक्त कार्बन. ५ मिलिमीटर जाडीचं ग्राफाइट किंवा कार्बन फेल्ट (नमद्यासारखं कापड) ऑनलाइन मिळतं. दोन लिटरच्या रुंद तोंडाच्या बरणीसाठी ९ सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या कापा. नवं फेल्ट पाणी झटकतं. ते कोरडंच गाळात घातलं तर आत हवा अडकते आणि महिनाभर काही घडत नाही. थेंबभर भांडी धुण्याचा साबण घातलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळा. मग साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि वापरेपर्यंत पाण्यातच ठेवा. फेल्ट परवडत नसेल तर टॉर्चच्या जुन्या मोठ्या सेलमधल्या कार्बनच्या कांड्या चालतात. पण त्या मेण पाजलेल्या असतात. मेण जाळून काढल्याशिवाय पृष्ठभाग उघडा होत नाही, आणि कांडीचं क्षेत्रफळही फेल्टच्या मानाने नगण्य.

तार टायटॅनियमची सर्वांत चांगली, नाहीतर ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील. तांबं कधीच नको. ते झिजून खोटा व्होल्टेज देतं आणि विरघळलेलं तांबं जिवाणूंना मारतं. तार फेल्टमध्ये चार-पाच टाके घालून ओवा. चकतीच्या दुसऱ्या कडेपासून तारेच्या टोकापर्यंतचा रोध १० ओहमच्या आत आला पाहिजे. गाळातून आणि पाण्यातून जाणारी अ‍ॅनोडची संपूर्ण तार हीट श्रिंक ट्यूबमध्ये घाला आणि टोकाशी अक्वेरियम सिलिकॉन लावा. ते चोवीस तास वाळू द्या. हा टप्पा लोक टाळतात. उघडी तार वरच्या प्राणवायूच्या पाण्यात कॅथोडसारखी, म्हणजे प्राणवायूला इलेक्ट्रॉन देणाऱ्या वरच्या इलेक्ट्रोडसारखी वागते. मग इलेक्ट्रॉन बाहेरच्या सर्किटमध्ये न येता आतल्या आत संपतात.

रचना खालून वर अशी: २ सेंटिमीटर गाळ, त्यावर अ‍ॅनोड सपाट दाबून, त्यावर ६ ते ७ सेंटिमीटर गाळ, मग ३ ते ४ सेंटिमीटर तलावाचं पाणी. पाणी चमच्यावरून सोडा, गाळ ढवळू नका. कॅथोड पृष्ठभागाशी असा ठेवा, की खालची बाजू पाण्यात आणि वरची हवेला उघडी राहील. भिजलेलं फेल्ट बुडतं, म्हणून थर्माकोलच्या कड्यावर बसवा किंवा नायलॉनच्या दोऱ्याने टांगा. झाकणाला मोठी भोकं पाडा. बरणीभोवती काळा कागद गुंडाळा. उजेड मिळाला की शेवाळ येतं, दिवसा प्राणवायू वाढतो, रात्री घटतो, आणि आलेख रोज वरखाली होतो.

दोन टोकांमध्ये पहिल्या दिवसापासून १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. सर्किट उघडं असेल तर अ‍ॅनोडवर बसलेल्या जिवाणूला इलेक्ट्रॉन द्यायला जागाच नसते. वस्ती वाढावी तर वाट मोकळी हवी. व्होल्टेज रेझिस्टरच्या दोन टोकांवर मोजा आणि भागाकाराने प्रवाह काढा. मल्टिमीटर अ‍ॅम्पिअरवर ठेवून थेट जोडू नका, ते शॉर्टसर्किटच्या जवळ जातं आणि बरणी सावरायला वेळ घेते.

पहिले काही दिवस आकडा नगण्य असतो. मग एक ते तीन आठवड्यांत तो हळूहळू चढतो. चांगली बरणी १ किलोओहमवर ३०० मिलीव्होल्टच्या आसपास येते, म्हणजे ०.३ मिलीअ‍ॅम्पिअर आणि ९० मायक्रोवॅट. चकतीच्या क्षेत्रफळाने भागलं तर चौरस मीटरला सुमारे १४ मिलीवॅट. गाळाच्या सेलसाठी हा प्रामाणिक आकडा आहे. यापेक्षा दहापट आला तर आनंद मानण्याआधी तारा तपासा.

अ‍ॅसिटेटची बाजू आणि प्राणवायूची बाजू यांत सैद्धांतिक फरक सुमारे १.१ व्होल्टचा. प्रत्यक्षात सर्किट उघडं ठेवून ०.५ ते ०.७ मिळतात. एका बरणीत ०.८ च्या वर दिसलं, आणि तेही पहिल्याच तासाला, तर कुठेतरी धातू झिजतोय असंच समजा.

खाऊ घालणं

गाळात स्वतःचं अन्न असतंच. वरून द्यायचं तर ५ टक्के आम्लाचं १० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर घ्या आणि त्यात ०.७ ग्रॅम खाण्याचा सोडा थोडा थोडा घाला. फेस थांबला की झालं सोडियम अ‍ॅसिटेट. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर सोडा ०.५५ ग्रॅम. मोठ्या सिरिंजला सलाइनची बारीक नळी लावून हे मिश्रण अ‍ॅनोडच्या पातळीवर हळू सोडा.

हिशोब मांडून बघा. एवढ्या अ‍ॅसिटेटमधले सगळे इलेक्ट्रॉन अ‍ॅनोडला मिळाले असते, तर ०.३ मिलीअ‍ॅम्पिअर आठ महिने चालले असते. तसं होत नाही, कारण मोठा वाटा मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव पळवतात. तरी यावरून एवढं कळतं, की कमी वीज येण्याचं कारण बहुधा उपासमार नसते. अन्न अ‍ॅनोडपर्यंत सरकण्याचा वेग आणि कॅथोडची अवस्था, ही कारणं जास्त वेळा सापडतात. महिन्याला एकदा, यापेक्षा जास्त खाऊ देऊ नका.

गूळ, साखर, मळी घालायचा मोह आपल्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात फार होतो. घालू नका. जिओबॅक्टर साखर खात नाही. साखरेवर आंबवणारे जिवाणू तुटून पडतात, पीएच उतरतो, वायू सुटतो, गाळात पोकळ्या पडतात आणि अ‍ॅनोड उचलला जातो. बरणीला टकटक केल्यावर बुडबुडे वर आले तर असंच काहीतरी झालं आहे.

सोलापूरचा उन्हाळा

इथे बरणी मरते ती बहुतेक वेळा एप्रिल-मेमध्ये. जिओबॅक्टरला ३० ते ३५ अंश मानवतात. बाहेर ४२-४३ असताना पत्र्याच्या खोलीत गाळ चाळिशी गाठतो आणि आकडा रोज घसरतो. उपाय साधा आहे. बरणी परातीत ठेवून भोवती ओलं बारदान गुंडाळा. हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होतं आणि आतलं तापमान बरंच उतरतं. पावसाळ्यात ही युक्ती तितकी चालत नाही, पण तेव्हा गरजही नसते. पहिल्यांदा करत असाल तर जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरते त्या सुमारास सुरू करा. मार्चपर्यंत वस्ती पक्की होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. कोरड्या हवेत पाण्याची पातळी झपाट्याने खाली जाते, कॅथोड अधांतरी राहतो आणि व्होल्टेज अचानक शून्यावर येतो. लोक घाबरून गाळ बदलतात, पण हवं असतं ते फक्त पाणी. भर घालताना बोअरचं पाणी वापरू नका. बाष्पीभवनात क्षार मागेच राहतात, त्यावर दरवेळी नवे क्षार पडतात. शिवाय कॅथोडवर प्राणवायूची अभिक्रिया होताना तिथला पीएच वाढतो आणि जड पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट तिथेच पांढऱ्या थराने बसतं. फेल्टची छिद्रं बुजली की हवा आत जात नाही. भरीसाठी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. नळाचं घ्यायचं तर उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवून क्लोरीन उडू द्या. थर बसलाच असेल तर कॅथोड काढून तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा, धुवा, परत बसवा. अ‍ॅनोडला मात्र हात लावू नका, सगळी वस्ती त्याच्यावर आहे.

खात्री

एकच बरणी लावणं म्हणजे अर्धा प्रयोग. दुसरी बरणी तंतोतंत तशीच लावा, पण गाळ मेलेला. प्रेशर कुकरमध्ये थोडा थोडा गाळ पातळ थरात पसरून अर्धा-पाऊण तास वाफवा. खोलीत एक दिवस ठेवून पुन्हा वाफवा. पहिल्या वाफेत तगलेले बीजाणू मधल्या दिवसात अंकुरतात आणि दुसऱ्या वाफेत मरतात. कॅथोड हवेला उघडा असल्याने ही बरणी कायम निर्जंतुक राहणार नाही, पण पहिल्या एक-दोन आठवड्यांची तुलना खणखणीत मिळते. जिवंत बरणी चढत जाते, मेलेली तळाशी राहते. दोन्ही सारख्या चढल्या तर धातू किंवा सल्फाइड, हे दोनच संशयित.

आणखी एक खूण मला सर्वांत पटते. महिनाभर चाललेल्या बरणीतला अ‍ॅनोड अलगद काढा आणि ओला असतानाच ताज्या गाळाच्या नव्या बरणीत ठेवा. नव्या फेल्टला जिथे दोन-तीन आठवडे लागतात, तिथे हा काही दिवसांत पूर्वपदावर येतो. वीज देणारे गाळात तरंगत नव्हते, फेल्टवर वसले होते, हे त्यातून दिसतं. शुद्ध जिओबॅक्टरची इलेक्ट्रोडवरची साय सायटोक्रोममुळे चक्क लालसर-गुलाबी दिसते. गाळ माखलेल्या काळ्या फेल्टवर तो रंग शोधत बसू नका.

कमाल शक्ती काढायची तर १० किलोओहम, ४.७, २.२, १ किलोओहम, मग ४७०, २२० आणि १०० ओहम अशा क्रमाने उतरा. प्रत्येक पायरीवर निदान वीस मिनिटं थांबून मग आकडा लिहा. पाच मिनिटांत घेतलेले आकडे फुगलेले येतात, कारण फेल्ट कपॅसिटरसारखं साठलेला भार सोडत असतं. ज्या रोधावर शक्ती सर्वाधिक, तोच ढोबळमानाने बरणीचा आतला रोध.

एलईडी थेट पेटणार नाही. लाल एलईडीला सुमारे १.८ व्होल्ट लागतात. चार-पाच बरण्या एकामागे एक जोडल्या तर सगळ्यांत अशक्त बरणी उलटी होते: बाकीच्यांचा प्रवाह तिच्यातून रेटला जातो आणि तिचा व्होल्टेज उणे होतो. त्यापेक्षा बरण्या समांतर जोडा आणि पुढे एलटीसी ३१०८ सारखी व्होल्टेज वाढवणारी चिप लावा. १:१०० ट्रान्सफॉर्मरसोबत ती २० मिलीव्होल्टवरही सुरू होते. कपॅसिटर भरत राहतो आणि अधूनमधून एलईडी लुकलुकतो किंवा तापमानाचा सेन्सर एक नोंद पाठवतो. घर उजळण्याची भाषा इथे कोणी करू नये. सेन्सर चालवणं हे या विजेचं योग्य काम.

टॉवेल-चादरींच्या रंगकामाचं सांडपाणी या जिवाणूंनी साफ होईल का? शेवानेलासारखे जिवाणू प्राणवायूशिवाय अ‍ॅझो रंगांचा बंध तोडतात आणि पाणी रंगहीन होतं, हे खरं. पण तुटून जे उरतं ते अ‍ॅरोमॅटिक अमाइन, आणि त्यांतले काही रंगापेक्षा घातक असतात. पुढे हवेशीर टाकीत त्यांचं विघटन केल्याशिवाय ते पाणी सोडता येत नाही. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं कोणी सांगितलं तर अमाइनचं काय, एवढंच विचारा.

तार वेगळी काढायची तर

हे कॉलेजच्या प्रयोगशाळेचं काम. जिओबॅक्टर सल्फररिड्युसेन्सचा मूळ वाण एटीसीसी (अमेरिकेतला सूक्ष्मजीव-संग्रह) ५१५७३ या क्रमांकाने मिळतो. माध्यमात अ‍ॅसिटेट १० ते २० मिलिमोलर, इलेक्ट्रॉन घ्यायला फ्युमरेट ४० मिलिमोलर, आणि बाटलीत ८० टक्के नायट्रोजन व २० टक्के कार्बन डायऑक्साइड. वाढलेल्या पेशी १५० मिलिमोलर इथेनॉलअमाइनच्या १०.५ पीएचच्या द्रावणात घेऊन ब्लेंडरमध्ये कमी वेगाने फिरवतात. धागे तुटून वेगळे होतात. सेंट्रिफ्यूजने पेशी खाली बसवतात आणि वरच्या द्रवातून अमोनियम सल्फेटने धाग्यांचा साका पाडतात. मग डायलिसिस, म्हणजे पातळ पडद्यातून क्षार धुऊन काढणं.

डायलिसिसमध्ये कसूर झाली की बरणीतल्या जस्ताचा भाऊ इथे भेटतो. उरलेला क्षार हवेतली ओल शोषतो आणि स्वतःच आयनांनी वीज वाहतो. नमुना वाहक दिसतो, तार मात्र त्याला जबाबदार नसते. म्हणून ज्या द्रावणात धागे होते तेच द्रावण, धाग्यांविना, त्याच इलेक्ट्रोडवर वाळवून मोजावं लागतं. पीएच आणि आर्द्रता लिहिलेली नसेल तर वाहकतेच्या आकड्याला अर्थ नाही. याच तारांची वाहकता आम्लधर्मी द्रावणात कितीतरी वाढते.

ओलीवरून आठवलं. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट शाखेत जुन याओ आणि लव्हली यांनी अशाच तारांच्या ७ मायक्रोमीटर जाडीच्या थरातून, हवेतल्या बाष्पावर, सुमारे ०.५ व्होल्ट आणि चौरस सेंटिमीटरला १७ मायक्रोअ‍ॅम्पिअर मिळवले. कोरड्या हवेतही ते चालतं असं त्यांचं म्हणणं, म्हणून सोलापूरकरांचे कान टवकारणं साहजिक आहे. दोन्ही आकडे एकाच वेळी मिळाले असं धरलं तरी चौरस मीटरला ८५ मिलीवॅट होतात. छतावरच्या सौर पॅनेलशी त्याची तुलना करू नये. २०२३ मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवलं, की १०० नॅनोमीटरपेक्षा बारीक छिद्रं असलेल्या इतर पदार्थांतही हा परिणाम मिळतो. म्हणजे तिथे महत्त्व तारेच्या वाहकतेपेक्षा छिद्रांना जास्त आहे.

आपल्याकडे वाण वाढवताना खरी अडचण येते ती तापमानाची. पेशींची वाढ ३० अंशांना चांगली होते, पण २००५ च्या प्रयोगात धागे भरपूर यावेत म्हणून त्या २५ अंशांना वाढवल्या होत्या. साधा बॅक्टेरिऑलॉजिकल इन्क्युबेटर फक्त तापवतो. खोलीतच ३८ असताना तो २५ वर येऊच शकत नाही, काट्यावर काहीही लावलं तरी. त्यासाठी गारवा देणारा बीओडी इन्क्युबेटर हवा, आणि आत वेगळा थर्मामीटर. माध्यमात रेझाझुरिन (प्राणवायू दाखवणारा रंग) घातलं असेल तर रोज रंगही पाहा. बाटली गुलाबी झाली म्हणजे रबरी बुचातून हवा शिरली. ती बाटली बाजूला काढा आणि बुच बदलून नवं माध्यम भरा.